धूळ बसल्याशिवाय निकाल नाही

डोमाजीमामाने शंकरपटात हाक दिली की बिरसीच्या विमानतळावर उतरायला आलेलं शिकाऊ विमान घाबरून पुन्हा वर जायचं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. विमान दुसऱ्याच कारणाने वर गेलं असेल म्हणणारे लोक आहेत. ते कधी पटाला आलेले नाहीत. आमच्या सडक अर्जुनीकडच्या पटात बैलजोड्या सुटल्या की मामा शेवटच्या रेषेवर पंच. त्याला लाउडस्पीकर लागत नसे. लाईट गेली की लाउडस्पीकरलाच मामा लागायचा.

पण एवढ्या आवाजाचा हा माणूस निकाल द्यायला सगळ्यात उशीर लावायचा. दोन जोड्या एकदम रेषेवर आल्या की असा धुरळा उठे की बैल सोडा, शेजारी उभा असलेला सख्खा भाऊ दिसत नसे. दोन्हीकडचे लोक आपलीच जोडी जिंकली म्हणून नाचत. मामा ढिम्म. "धूळ बसू द्या जी. दोन्ही बाजूच्या झेंडीवाल्यांले इचारू द्या, मंग बोलतो." एकदा पाहुणे म्हणून आलेल्या पुढाऱ्याने घाई केली. मामाने त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, निकाल दिला नाही.

असा मामा खाटेवर पडला. प्रोस्टेटचा कॅन्सर पाठीच्या कण्यात उतरला होता. उधळलेल्या खोंडाला एका हाताने थांबवणाऱ्याला कूस बदलता येईना. गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. मामाने त्या धानाच्या ढोलीमागे टाकून दिल्या.

मामी माझ्या दुकानात आली. दुखणं उठलं की मामा टॉवेल चावतो, पण गोळीला हात लावत नाही, असं तिने सांगितलं. मी तडक घरी गेलो. मामा म्हणाला, नागपूरचे जावई औषधशास्त्र शिकलेले, त्यांनी फोनवर सांगितलं आहे. मॉर्फिन शरीरात ज्या जागांवर जाऊन बसतं, त्या रिसेप्टर नावाच्या जागा कॅन्सरच्या पेशींवरही असतात. तिथे ते बसलं की कॅन्सर वाढतो, पसरतो.

"बांधीत युरिया टाकला का धानासंग तणही माजते," मामा म्हणाला. "मंग कायले खाऊ? मले यंदाचा पट पाहाचा हाय."

मी त्याला आणि मामीला गाडीत घालून गोंदियाला नेलं. रस्त्यात असे खड्डे की एकात उतरलो तर तिकडून छत्तीसगड दिसावं. दर खड्ड्याला मी मामाच्या शिवीची वाट पाहत होतो. त्याने एकही दिली नाही. तेव्हा मी खरा घाबरलो.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि जावयाला खोटं पाडलं नाही. काही कॅन्सरच्या पेशींवर या जागा सापडल्या आहेत, म्हणाल्या. प्रयोगशाळेत, उंदरांमध्ये, मॉर्फिनने गाठ वाढलेली काहींना दिसली आहे आणि काहींना नेमकं उलट दिसलं आहे. दुखणं आणि त्याचा ताण यांनीही शरीर खचतं.

"आणि माणसात?" मामाने विचारलं.

"माणसात नक्की काय होतं, ते अजून ठरलेलं नाही, बाबा. मी शपथ घेणार नाही. पण दुखण्याने तुमची झोप गेली, जेवण गेलं, हे मला इथून दिसतंय."



"म्हंजे धूळ बसलीच नाही अजून," मामा म्हणाला. "आन मी एकाच झेंडीवाल्याले इचारून निकाल देऊन बसलो." मग डॉक्टरीणबाईंनी पुढे केलेली गोळी हातात घेऊन मामीकडे वळला. "पानी दे वो."

त्या गोळ्या त्याला मानवल्या. झोप लागली तेव्हा तो असा घोरला की हायवेवरच्या ट्रकांनी हॉर्न समजून साइड दिली.

पटाच्या दिवशी आम्ही त्याला खुर्चीसकट रेषेवर नेऊन ठेवलं. आवाज अगदी बसला होता. दोन जोड्या बरोबरीने आल्या, धुरळा उठला आणि त्या पटात पहिल्यांदाच कुणी ओरडलं नाही. सगळं मैदान धूळ बसायची वाट पाहत उभं राहिलं. मामाने दोन्ही झेंडीवाल्यांना जवळ बोलावलं, विचारलं आणि हलकेच हात उचलून डावीकडची जोडी दाखवली.

उन्हाळा लागण्याआधी तो गेला. तेरवीला जावई मला बाजूला घेऊन गेले. डोळे लाल. "गोळ्यांमुळे लवकर तर नाही ना गेले मामाजी?"

एरवी मी कुठल्याही प्रश्नाला तिखटमीठ लावून उत्तर देतो.

"ते मला माहीत नाही, जावईबापू," मी म्हणालो. "ती धूळ बसायची आहे अजून. पण पटाच्या दिवशी ते रेषेवर बसले होते, निकाल त्यांनीच दिला आणि टॉवेल त्यांच्या खांद्यावर होता, दातांत नव्हता. एवढं मी पाहिलंय."

यातलं एक अक्षरही मी वाढवून सांगितलेलं नाही.