रजिया सिस्टरचं खोकं

रजिया सिस्टर कुठल्याही बाईची तब्येत विचारायच्या आधी तिच्या मुलीचं डोकं बघायच्या. पिशवीतून बारीक दातांची फणी काढायची, पोरीला पुढ्यात बसवायचं आणि उवा काढता काढता शेजारी बसलेल्या आईशी हळू आवाजात बोलायचं. "पहिले डोकं, मंग दुखणं," असं त्या म्हणत. भोकरदन तालुक्यात नर्स म्हणून त्यांची उभी हयात गेली. पाळणा लांबवायच्या गोळ्या चारचौघांत कोणती बाई मागणार? उवांसाठी मात्र सासूही सुनेला खुशाल पाठवायची.

मी तेव्हा तहसील कचेरीत कारकून होतो आणि स्वतःला फार कामाचा माणूस समजत होतो. एका वर्षी पूर्णेला पूर आला, काठावरची एक वस्ती वाहून गेली आणि तिथल्या माणसांना केदारखेड्याच्या शाळेत ठेवलं. एसटी बंद होती. आमची जीप दिवसाआड भोकरदनहून सामान न्यायची, त्यात काय चढवायचं हे मी ठरवायचो आणि सोबत मीच जायचो.

सिस्टर पहिल्याच दिवशी चिखल तुडवत शाळेत पोचल्या आणि व्हरांड्याच्या टोकाला फणी घेऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं. बायकांच्या गोळ्या घरांसोबत गेल्या होत्या. त्यांतली कौसल्या चार लेकरांची आई. चौथ्या बाळंतपणात ती मरता मरता वाचली होती, आणि पुन्हा दिवस गेले तर जिवाचं खरं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गोळ्यांचं खोकं दवाखान्यातून आमच्या गोदामात येणार होतं. ते पुढच्या खेपेला आणा, एवढंच त्यांचं म्हणणं. मी म्हणालो, लोकांच्या अंगावर धड कपडा नाही आणि तुम्हाला हे सुचतंय? त्या चिडल्या नाहीत.

"घर गेलं म्हणून बाईचं अंग थोडंच थांबतं, भाऊ?"

पुढच्या खेपेला खोकं जीपमध्ये चढलंही होतं. डाळीचं एक पोतं बसेना, म्हणून मीच ते उतरवून गोदामाच्या ओट्यावर ठेवलं. सिस्टरांना सांगितलं, दवाखान्यातून आलंच नाही. आज हे सांगताना लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती. त्या दर खेपेला विचारत राहिल्या आणि मी दर खेपेला तेच सांगत राहिलो. बारा-तेरा दिवसांनी परतीच्या जीपमध्ये बसून त्या स्वतः भोकरदनला गेल्या आणि पुढच्या खेपेला खोकं मांडीवर घेऊन आल्या. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बाकीच्या बायकांचं निभावलं. कौसल्याला मात्र दिवस गेल्याचं पुढं महिन्याभरात कळलं.

सिस्टरांनी कुठंही गाजावाजा केला नाही. नवऱ्याला शाळेमागं नेऊन समजावलं, कौसल्याला घेऊन जालन्याचा दवाखाना गाठला, वेळेत गर्भपात करून घेतला आणि चार दिवस तिच्या खाटेशी बसून राहिल्या. कौसल्या पांढरीफटक होऊन परतली, पण परतली. तिला जीपमधून धरून उतरवताना मी पाहिलं. त्यानंतर तालुक्यात कुठंही माणसं उठून छावणीत आली की सिस्टरांचं खोकं मी सगळ्यात आधी चढवायचो. कचेरीत मला 'गोळ्यावाले' म्हणायला लागले. म्हणू दिलं.

खरं काय ते मी सिस्टर निवृत्त झाल्यावरच सांगितलं. त्यांच्या घरी गेलो, चहा झाला, आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"मला ठाऊक हाय, भाऊ. खोकं आणायला गेले, त्याच दिवशी गोदामाच्या चौकीदारानं सांगितलं व्हतं."

मग तक्रार का केली नाही, असं मी विचारलं.

"केली असती तर तुमची बदली झाली असती. नव्या मानसानं पुन्हा पहिले डाळच चढवली असती. तुम्ही पुढं बराबर वागले, आपलं काम झालं."

मी माफी मागितली. त्यांनी रिकामे कप उचलले आणि म्हणाल्या, "मला कशाला मागून राह्यले? कौसल्याला मागा. ती जित्ती हाय, म्हणून तर मागता येईल."

सिस्टरांना जाऊन आता तीन वर्षं झाली. पुरानंतर वसवलेलं कौसल्याचं नवं गाव रस्त्यालगतच आहे. लेकीकडे जालन्याला जाताना माझी एसटी दर वेळी तिथं थांबते. मी अजून उतरलेलो नाही.