भागधारक

सुमन गेल्याचं तिच्या भावजयीने फोनवर सांगितलं, तेव्हा मी बोईसरच्या बाजारात दुधी निवडत होते. हातातला दुधी परत ठेवला आणि, काय सुचलं कोण जाणे, भाजीवाल्याला म्हणाले, "हमारी आमदार गई." "कौन आमदार?" त्याने विचारलं. त्याचंही बरोबरच होतं. एकदाच निवडून आलेली बाई, तीही बऱ्याच वर्षांपूर्वी… त्याला कुठून आठवणार? मला मात्र त्याचा भयंकर राग आला. आता महिना उलटलाय. राग गेला, आणि तिचे उपकार मात्र रोज आठवतात.

पालघरला कॉलेजात असताना आम्ही एका खोलीत राहायचो. ती मनोरकडच्या डोंगरातली, भातशेती करणाऱ्या घरची. मी सातपाटीच्या पुढच्या कोळीवाड्यातली. माझ्या ट्रंकेतल्या सुक्या बोंबलांच्या वासावरून तिने आल्या आल्या खोली बदलून मागितली होती, आणि दिवाळीपर्यंत तेच बोंबील ती माझ्याआधी फस्त करायला लागली. पुढे मी बोईसरच्या शाळेत इंग्रजी शिकवू लागले आणि ती राजकारणात पडली. तापट होती. भांडण लगेच करायची, समेटाला मात्र सावकाश यायची. तरी समेटाला यायची, हे महत्त्वाचं.

ती आमदार असताना आमच्या किनाऱ्यावर नवी जेटी आणि गोदाम बांधायचं ठरलं. कर्ज परदेशातल्या एका मोठ्या विकास बँकेचं. गोदामासाठी जागा निवडली ती नेमकी वलांडीची, म्हणजे बांबूंचे मांडव उभारून बायका जिथे बोंबील सुकत घालतात ती. ती गेली असती तर गावातल्या निम्म्या चुली अडचणीत आल्या असत्या. माझी आई जन्मभर तिथेच राबली, त्या बोंबलांवर मी शिकले. सुमनला हे ठाऊक होतं. तिने विधानसभेत प्रश्न विचारला. लेखी उत्तर आलं, 'सर्व भागधारकांशी विचारविनिमय करण्यात आला आहे.' तिला ते पटलं. बायकांची हरकत नसेल तर आपण कशाला आडवं जायचं, असं तिचं म्हणणं.

मग ती एकदा माझ्याबरोबर माझ्या माहेरी आली. वहिनी मासळी साफ करत बसली होती. सुमनने सहज विचारलं, "गोदामाच्या सभेत तुमी काय बोलल्या नाय का गं?"

"आमाला कोन बोलावतंय, ताई? नोटिशीत भागधारकांनी यावं म्हून लिवलेलं. सोसायटीचा शेअर ह्यांच्या नावावर हाय. ह्ये गेलते."

सुमन खदखदून हसली… आणि मग 'आसं कसं लिवलं?' म्हणून माझ्याकडे वळली. मी तिला समजावलं, की बँकेच्या इंग्रजी कागदातल्या 'स्टेकहोल्डर'चा ज्यांच्या पोटावर कामाचा बरावाईट परिणाम होणार ते सगळे, असा अर्थ आहे. मराठी करणाऱ्याने 'भागधारक' लिहून टाकलं. आमच्याकडे भागधारक म्हणजे मच्छीमार सोसायटीत शेअर असलेला, आणि शेअर असतात बोटीवाल्या पुरुषांचे. "म्हंजे चूक शब्दाची," मी म्हणाले. ती उसळली, "शब्द काय आपल्या पायांनी जाऊन बसला तिथं?"

त्या हिवाळ्यात दिल्लीत त्या बँकेची लोकप्रतिनिधींबरोबर बैठक होती. निरनिराळ्या देशांचे आमदार-खासदार आलेले. दुभाषी म्हणून सुमनने मला नेलं. जाताना ती जरा धास्तावलेलीच होती. "कर्ज देनार बँक, घेनार सरकार. मंग मी मधी कोन गं?" तिथेही तसंच चाललं होतं. भाषणं गोड, आकडे मोठे, आणि कुणी अडचण सांगितली की 'तुमच्या सरकारशी बोला.' सुमनची पाळी आली. ती मराठीत बोलली, "मी पैसा अडवायला आलेली नाय. जेटी आमाला पायजेच हाय. पन तुमच्या एका शब्दानं गावातल्या बायका सभेच्या भाईर ऱ्हायल्या. त्यांना परत इचारा." शब्दाची सगळी गोष्ट मी इंग्रजीत सांगितली. बँकेच्या एका वयस्क बाईंनी मान हलवली, म्हणाल्या, "आमच्या नोंदीत विचारविनिमय पूर्ण आहे." आणि मग त्यांनीच मला विचारलं, "तुमच्या भाषेत काय लिहायला हवं होतं?" मी म्हणाले, "ज्यांचं पोट त्या जागेवर आहे, त्या सगळ्यांनी यावं." त्यांनी ते माझ्याकडून पुन्हा वदवून घेतलं.

त्याच शब्दांत नवी नोटीस निघाली आणि सभा पुन्हा झाली, या वेळी वलांडीवरच, बाजार आटोपल्यावरच्या दुपारी. बायकांनी अधिकाऱ्यांना बोलूच दिलं नाही. गोदाम खाडीच्या अंगाला सरकलं. पण त्यात जेटी रखडली, बोटीवाले चिडले, आणि पुढच्या निवडणुकीत सुमन पडली. ते तिला लागलं. पुष्कळ दिवस ती फोनवरसुद्धा धड बोलत नव्हती. तरी 'उगाच केलं' असं तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

परवा माझ्या गावात तिची शोकसभा झाली. मोठमोठी माणसं बोलली. वलांडीवरची एकही बाई दिसेना, म्हणून मी उठून तिकडे गेले, जराशी रागातच. आभाळ भरून आलं होतं आणि सगळ्या जणी धावपळीने बोंबील उतरवत होत्या. वहिनी म्हणाली, "ताईसाठी रडायला टायम हाय. बोंबील भिजले तर ताईच ओरडंल." थोड्या वेळाने ढग पांगले आणि बोंबील परत टांगायला घेतले. मीही बसले. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोडी करायची आणि काठीवर टाकायची. आईने शिकवलेलं हाताला अजून येत होतं. ही जागा माझ्या हातांना पुन्हा मिळाली ती सुमनमुळे, आणि हे तिला मी तोंडावर कधी म्हटलं नव्हतं. तिथे एकदाचं रडू आलं.

वहिनीने माझ्याकडे पाहिलं नाही. हातातलं काम चालू ठेवून म्हणाली, "इलेक्शनला पडल्यावर पन ताई यायची, हितं बसायची. कामाला हात लावायची. तिची येक जोडी टिकायची नाय, समदी सुटायची."

"मग?"

"मंग काय? ती गेली की आमी परत लावायचो. तिला कदी सांगितलं नाय."