मागच्या सीटवरची पोती

“पोतंच हवं असेल तर वाळूचं आणा! मी यायची नाही यापुढे.”

“अगं, थट्टेनं बोललो. गिऱ्हाईक हसलं, त्यात तुझं काय गेलं?”

“काय गेलं ते तुम्हाला या जन्मी कळायचं नाही.”

गल्लीतल्या भिंती पत्र्याच्या. भांडण एका घरात आणि ऐकायला चार घरं. त्यातून हे भांडण सायलेन्सरवाल्याचं आणि त्याच्या बायकोचं, म्हणजे सगळ्यांच्या वहिनीचं. चारही घरांतली भांडी वाजायची थांबली.

तो मोटरसायकलींना नवे सायलेन्सर बसवायचा. पोरांना हवा आवाज, हवी चकाकी. हा बघायचा नळी जमिनीपासून किती वर राहते ते. नळी आधी तारेनं नुसती बांधायची, मालकाला वर बसवून गाडी हळूहळू कलती करायला लावायची आणि आपण जमिनीला गाल टेकून बघायचं, आधी काय टेकतं.

“पाय ठेवायची दांडी आधी टेकली पाहिजे,” तो सांगायचा. “ती मुडपते, माणसाला सावध करते. नळी काही मुडपत नाही. वळणावर ती टेकली की मागचं चाक उचललं जातं, मग गाडी एकीकडे आणि तुम्ही एकीकडे.”

पण मागे माणूस बसला की गाडी दबते. ते दबणं बघायला चांगलं भरभक्कम माणूस हवं, आणि ते घरातच होतं. हाक आली की वहिनी हात पुसत यायची, ऐटीत एका अंगानं बसायची आणि वर गिऱ्हाइकाला म्हणायची, “आता माझ्याएवढी बायको मिळाली तरी घाबरू नका हो, गाडी घासायची नाही.” दिवसभराच्या रगाड्यात तिला तेवढीच काय ती हौस.

त्या दिवशी मात्र नवरा चारचौघांत म्हणाला, “थांबा, आमची दोन पोती बोलावतो.” त्यावरून रात्री ते भांडण.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा दीर आला. तिनंच नाक पुसून वाढवलेला. हातात चांगला जाडजूड, खाली लोंबणारा सायलेन्सर. “दादा, लवकर कर, दोस्त खोळंबलाय.”

“अगं ए, येतेस का?” नवऱ्यानं हाक मारली.

तिला आडभिंतीमागे स्वच्छ ऐकू आली. ती पातेलं ढवळत राहिली. अजून एकदा हाक मारू दे, जरा गोड मारू दे, मग जाईन. तिकडे त्याला वाटलं, एकदा मारली ती पुरे. दीर काडीसारखा. तो एकटाच बसला, दांडी आधी टेकली, बोल्ट आवळले गेले.

संध्याकाळी मागे लठ्ठ दोस्त. पाण्याच्या टाकीपाशी वळताना नळी टेकली. दोस्ताला खरचटलं, दिराचा गुडघा गेला तो गेलाच, पुन्हा कधी वाकला नाही.

गल्लीनं सायलेन्सरच्या कंपनीला शिव्या घातल्या. दिरानं तिला एकदाच विचारलं, “वहिनी, हाक ऐकू आली होती ना?”

“आली होती,” ती म्हणाली.

 बांधकामावरून नवऱ्यानं वाळूची दोन पोती आणली आणि दुकानात ठेवली. उभ्या आयुष्यात बायकोचं एवढं एकच म्हणणं त्यानं ऐकलं.

पुढे वर्षानुवर्षं मागच्या सीटवर पोती बसली. ती फाटायची, मग शिवायला वहिनीच. सांडलेली वाळू भरायची, टाके घालायची. हातातलं काम लांबवत जरा रेंगाळायची. हाक काही यायची नाही.

मग तिला दुखण्यानं धरलं. अंगावरचं सगळं मांस उतरलं. गेली त्याच्या आठवडाभर आधीची गोष्ट. गाडी कलती केली आणि पोतं भसकन फाटलं. दारात वहिनी उभी. गिऱ्हाईक सहज म्हणालं, “काकू, तुम्हीच बसा की जरा.”

तिनं सीटवर हात ठेवलासुद्धा. पाय उचलायच्या आधी नवऱ्याकडे पाहिलं.

त्यानं जमिनीवरचा गाल उचलला नाही. “तिच्यात काय राहिलंय आता? सुई आण गं.”

ती सुई घेऊन आली. वाळू झाडून गोळा केली, पोत्यात भरली. दोरा दुपेडी करून बारीक टाके घातले, गाठ मारली, दोरा दातानं तोडला. दोन्ही हातांनी पोतं उचलून सीटवर ठेवलं, नेहमीसारखं जरा एका अंगाला. मग हात पुसत आत गेली.