धीरेकाकांनी विझवलेला दिवा

धीरेकाका साहेबांचेसुद्धा खिसे तपासत. भरवेलीच्या खाणीच्या वाटेवर आमच्या ठेकेदाराची कोठी होती. खडक फोडायचं पातळ स्फोटक तिथं पिंपांत भरलेलं असे. काका कोठीवाले, मी कारकून. मॅनेजरसाहेबांचा लायटर काढून घेताना ते अदबीनं म्हणत, "साहेब, हा इथं ठेवतो. जातानी घ्या. जाता आलं पायजे ना." असा माणूस बढतीविना म्हातारा झाला, यात नवल ते काय.

पिंपाचं झाकण ते पितळेच्या पान्यानंच उघडत. लोखंडानं ठिणगी उडते म्हणून. तोवर ट्रक खोळंबे, ड्रायव्हर शिव्यांवर येई. काका म्हणत, "धीरे, भाऊ, धीरे. घाई कोणाले आहे? मले तर नाही." नाव तिथूनच पडलं. त्यांची नक्कल आम्ही सगळेच करायचो. सर्वांत छान मी.

एका विश्वकर्मापूजेला आम्ही कोठीलाही हार घातला आणि सुरक्षिततेसाठी थेट दारातच तेलाचा दिवा लावला. स्फोटकांचं रक्षण देवानं करावं आणि आग आम्ही पुरवावी, अशी ती व्यवस्था. काका आले, त्यांनी दिव्यावर बादलीभर पाणी ओतलं. मग पूजेचं ओलं तबक उचलून माझ्या हातात दिलं. "पूजा करा ना. हौ, करा, पण हापिसात करा. मीबी प्रसाद घ्याले येतो."

साहेबांना लायटरचा राग होताच. आता त्या रागाला धर्म सापडला. काका बौद्ध होते, तेवढं पुरलं. 'आमच्या पूजेचा द्वेषानं अपमान केला' असं पत्र निघालं. अक्षर चांगलं म्हणून लिहिलं मी. पहिली सहीही माझीच. कोठीजवळ आगीला मनाई करणारा नियम माझ्याच खुर्चीमागच्या भिंतीवर टांगलेला होता. खुर्ची तशी सोयीची होती. काकांना आठवड्याभरात घरी बसवलं.

त्यानंतर कोठी उडाली असती, तर माझा पश्चात्ताप निदान शोभून दिसला असता. उडाली नाही. दरवर्षी दिवा तिथंच लागतो आणि साहेब दरवर्षी म्हणतात, "देखा, कुछ हुआ?"

यंदा हिंमत करून काकांच्या घरी गेलो. ते पत्र मी लिहिलं होतं, एवढं एकदाचं बोललो.

"अक्षर तवाच ओळखलं होतं," ते म्हणाले. "चहा घे." मग कप माझ्यापुढं सरकवत, "दिवा अजून दारातच लावता का?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मंग त्या दिवशी तू सुट्टी घेत जाय," काका म्हणाले. "तुले लेकरं हायेत."