काचपाण्याची तार

माझे बाबा काचपाणी करायचे. वाळू आणि सोडा भट्टीत वितळवून एकजीव करायचा, थंड झाल्यावर त्याचे निळसर खडे फोडायचे आणि बंद टाकीत वाफेच्या दाबाखाली पाण्यात विरघळवायचे. मधासारखा दाट रस तयार होतो. पुठ्ठे चिकटवायला तो लागतो, ओतशाळेत वाळूचे साचे घट्ट करायलाही लागतो. हवेवर सुकला की त्याची काच होते. बाबांच्या बुटांवर तिचा थर कायमचाच होता.

रस किती दाट झाला ते मोजायला नळी होती, पण बाबा तिच्याकडे ढुंकूनही बघत नसत. डोळे मिटून दोन बोटांत थेंब धरायचे, बोटं फाकवायचे आणि तारेच्या ओढीवरून पाणी किती घालायचं ते ठरवायचे. "नळीला काय डोंबल कळतंय!" कारखाना त्यांना तारमामा म्हणायचा, आणि त्या नावाचा त्यांना केवढा तोरा! मला तो तोरा अजिबात आवडत नसे.

गेल्या महिन्यात एक टाकी पातळ गेली. ओतशाळेत साचा ढासळला, वितळलेलं लोखंड बाहेर आलं आणि एका कामगाराचा पाय भाजला. बाबा तडक म्हणाले, "त्यांचीच वाळू खराब असणार." कारखान्याच्या साहेबांनी मान डोलावली. तारमामांच्या शब्दाबाहेर कोण जाणार? पुढची टाकी उद्या सकाळी त्याच ओतशाळेत जायची होती.

मला चैन पडेना. दोन दिवसांपूर्वी बाबांनी गॅसवरचं उकळतं पातेलं उघड्या हातांनी उतरवलं होतं, तेही अगदी सावकाश. मी बघितलं आणि गप्प बसले, याची मला लाज वाटत होती.

"बाबा, डोळे मिटा. मी कुठलं बोट धरलंय ते सांगा."

"हा काय पोरखेळ लावलायस?"

"मिटा हो."

त्यांनी हसत हात पुढे केला. सोड्यानं बोटांची टोकं गुळगुळीत, पांढरी पडली होती. मी तर्जनी धरली, चिमटा काढला, मग नख रुतवलं. ते हसतच होते.

"अगं, धर की आता."

मी नख आणखी दाबलं. शेवटी त्यांनीच डोळे उघडले. माझं नख अजून तिथंच होतं. बराच वेळ ते त्याकडे बघत राहिले.

"साहेबांना फोन लाव," ते म्हणाले. "उद्याची टाकी थांबवायला सांग. आणि त्या भाजलेल्या माणसाचं घर कुठंय ते विचार."