अठ्ठावीस की पन्नास

फोटो काढणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये खरं तर फोटो साठायला हवेत. आमच्याकडे किस्सेच साठले! फोटोंचं बरं असतं, नको ते डिलीट करता येतात. किश्शांना ती सोय नाही. रविवारी कॉफी पिताना कुणीतरी एक सुरू करतो, त्याला धरून दुसरा येतो, आणि हसता हसता एका जागी येऊन सगळे गप्प होतात. तिथवर जायचं नसतं. पण जातोच.

ग्रुप म्हणजे आम्ही तिघंच. मी मूळची साताऱ्याची, चेन्नईजवळच्या आवडी गावात एका सरकारी ऑफिसात अकाउंट्सला आहे. निखिल नाशिकचा, सिरुसेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. आणि सेतुराव. ते तंजावरकडचे मराठी, पिढ्यान्‌पिढ्या इकडचेच. शाळेत भूगोल शिकवून रिटायर झाले आणि तिरुवल्लिकेणीच्या एका बोळात राहतात.

त्यांचं बोलणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा निखिल माझ्या कानात म्हणाला, "ताई, हे बखरीतून बोलतायत का?"

सेतुरावांना ऐकू गेलं. म्हणाले, "तुमचें मराठी टीव्हींतून येतें बाबा, आमचें घरांतून!"

दर रविवारी सकाळी आम्ही तिरुवल्लिकेणीच्या रस्त्यांवर फोटो काढायला भेटतो. म्हणजे भांडायला. वाद एकच, लेन्स अठ्ठावीस एमएमची की पन्नासची? आकडा लहान, तेवढं चित्रात जास्त मावतं, पण माणसाच्या पार नाकाजवळ जावं लागतं. पन्नासने लांब उभं राहून हवं तेवढंच कापून घेता येतं. निखिल अठ्ठावीसवाला, सेतुराव कट्टर पन्नासवाले. मी पस्तीसवाली, म्हणजे दोघांच्या शिव्या खाणारी.

*

निखिलकडे सुरुवातीला भलामोठा कॅमेरा होता, पुढे तोफेसारखा झूम. एका रविवारी बोळात रंगीत प्लॅस्टिकच्या घागरी घेऊन बायका टँकरची वाट बघत होत्या. लाल, हिरव्या, निळ्या घागरी, वर कोवळं ऊन. निखिलने तोफ लावली.

एका बाईने विचारलं, "एन्द चॅनल?" म्हणजे कुठल्या चॅनलचा तू?

निखिलचं तमिळ म्हणजे फक्त मान हलवणं. त्याने ती हलवली.

झालं! पाच मिनिटांत आख्खा बोळ तक्रार नोंदवायला रांगेत उभा. एकीने त्याला कोपराला धरून घरात नेलं आणि कोरडा नळ दाखवला. मग शेजारणीने तिचा दाखवला. नाही म्हणता येत नाही म्हणून हा पठ्ठ्या प्रत्येक नळाचा फोटो काढत सुटला. एका म्हातारीने तर नळाशेजारी उभं राहून हात जोडले.

पुढच्या रविवारी सगळ्या त्याची वाट बघत होत्या. "टीव्हीत आलं नाही, सार?"

नळाला पाणी अजून आलेलं नाही. निखिल त्या बोळात अजून जात नाही.

*

त्यानंतर त्याने ठरवलं की कॅमेरा लहान पाहिजे. शर्टाच्या खिशात मावणारा कॉम्पॅक्ट घेतला, लेन्स अठ्ठावीसची, न बदलता येणारी. "आता कुणाला कळणारच नाही!" म्हणाला.

आणि खरंच कुणाला कळलं नाही. पण अठ्ठावीसला जवळ जावं लागतं ना! काही महिन्यांनी सेतुरावांच्या घरी बसून आम्ही लॅपटॉपवर त्याचे फोटो बघितले. पाठ. पाठ. ओला शर्ट. पाठ. एक म्हैस, तीही पाठमोरी.

सेतुरावांनी पुन्हा पहिल्यापासून सगळे बघितले. मग हळूच म्हणाले, "निखिल, ह्या एवढ्या ऊरांत तुजकडे कोणी पाहिलेंच नाहीं कां?" ऊर म्हणजे गाव.

तेव्हा निखिल हसला. बस स्टॉपवर मला म्हणाला, "ताई, दिवसभर स्क्रीनशी बोलतो. रूमवर कुणी नाही. कुणाला 'फोटो काढू का' विचारायचं म्हटलं की तो माणूस पुढे जाईपर्यंत थांबून राहतो. मला वाटलं, कॅमेरा लहान घेतला की जमेल."

बस आली, तो गेला.

पुढच्या महिन्यात त्याने त्याहून लहान कॅमेरा घेतला!

*

माझं तरी काय मोठंसं चाललं होतं! एकदा लंच टाइममध्ये आमच्याच ऑफिसच्या गेटबाहेर भिंतीवर झाडाची सावली पडली होती आणि खाली कुणाची तरी छत्री टेकवलेली. मी पर्समधून कॉम्पॅक्ट काढला. चार-पाच फोटो झाले नसतील, सिक्युरिटीवाला हजर.

"मॅडम, आयडी?"

आयडी दाखवलं, तर संशय उलट वाढला. आतली बाई बाहेरून भिंतीचे फोटो का काढते? साहेबांना खाली बोलावलं. साहेबांनी चष्मा लावून एकेक फोटो बघितला. सावली. छत्री. फाटलेलं पोस्टर. पुन्हा सावली.

"मोहिते मॅडम, यात आहे काय?"

मी प्रकाश, रेषा, मोकळी जागा असं काहीतरी सांगायला लागले. माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. साहेब सिक्युरिटीवाल्याला म्हणाले, "बाईंना मी ओळखतो. पण या फोटोंचा अर्थ मला लागत नाही, त्याची जबाबदारी मी घेणार नाही!"

सगळे डिलीट करायला लावले. सिक्युरिटीवाला शेजारी उभा राहून बघत होता. शेवटचा गेला तेव्हा त्याला माझी दया आली असावी. म्हणाला, "परवाइल्लै मॅडम. जाऊ द्या. एकही चांगला नव्हता."

*

चेन्नईची हवा लेन्सला खाते. घाम, खारा वारा, आणि वर्षभर ओल. सेतुरावांची लाडकी पन्नास लोखंडी कपाटात असायची, त्यांच्या बायकोच्या, कमलाक्कांच्या रेशमी साड्यांमध्ये गुंडाळलेली. एक दिवस आत बघतात तर काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. बुरशी!

दुरुस्तीवाल्याने लेन्स उजेडाकडे धरली आणि परत हातात दिली. काच खाल्ली गेली होती, काही होणार नव्हतं.

कमलाक्का म्हणाल्या, "त्या कपाटांत माझ्या साड्या जीव गुदमरून मेल्या. तुमचें भिंग कसें वांचेल?"

सेतुरावांनी त्याच लेन्सने फोटो काढणं चालू ठेवलं. सगळं धुक्यात. मरीनावर जाळं ओढणारे कोळी, धुक्यात! चेन्नईत, भर मे महिन्यात! निखिलने तो फोटो त्यांना न विचारता ऑनलाइन टाकला, आणि कमेंट्सचा पाऊस. काय मूड! काय वेदना! एकाने विचारलं, "फिल्टर कुठला? कुठे मिळेल?"

कमलाक्का कॉफी ओतत होत्या. म्हणाल्या, "आमच्या कपाटांत ये म्हणावें, फुकट लागतो!"

आम्ही पोट धरून हसलो. सेतुराव हसले नाहीत. खिडकीकडे बघत म्हणाले, "इतकीं वर्षें स्वच्छ काढले. एकानें पाहिले नाहींत."

*

मग एका सकाळी सिरुसेरीच्या गेटवर निखिलचं कार्ड चालेना. वर एका खोलीत एचआरचा माणूस बसला होता. त्याने दहा मिनिटांत, फार गोड शब्दांत, निखिलला घरी पाठवलं.

निखिलने कॅमेरे विकायला काढले, ऑनलाइन जाहिरात दिली. पहिलाच फोन आला, एका कॉफी शॉपमध्ये भेटायचं ठरलं. निखिल कॅमेरा घेऊन बसला, दार उघडलं, आणि आत आला तोच एचआरवाला!

दोघंही थिजले. आता परत फिरणार तरी कसं? तो बसला. कॅमेरा हातात घेऊन उलटसुलट बघितला, कारण दुसरीकडे कुठे बघणार?

"कंडिशन कशी आहे?"

"चांगली आहे," निखिल म्हणाला. "माझीही चांगलीच होती."

त्याने कॅमेरा घेतला. घासाघीस केली नाही. उठताना हात पुढे करून म्हणाला, "ऑल द बेस्ट. टचमध्ये राहू."

निखिल मला फोनवर सांगत होता, "ताई, त्या दिवशीही तो अगदी हेच म्हणाला होता. याच सुरात!"

नवी नोकरी अजून नाही. कॅमेरेही आता नाहीत. रविवारी तो हात खिशात घालून आमच्याबरोबर चालतो. मध्येच एखाद्या चेहऱ्यासमोर थांबतो, नुसता बघतो, आणि पुढे होतो.

*

चार दिवस ताप आला आणि कमलाक्का गेल्या.

इकडे कुणी गेलं की गल्लीच्या तोंडाशी मोठं पोस्टर लावतात, वर फोटो, खाली अश्रूंची श्रद्धांजली. शेजारी फोटो मागायला आले. सेतुराव भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी कंप्युटरकडे नुसता हात केला.

मी आणि निखिल बसलो शोधायला. झोपलेले रिक्षावाले. मासळीवाल्या. भिकारी, पुजारी, शाळेतून पळणारी मुलं. आख्खं तिरुवल्लिकेणी होतं त्यात, वर्षानुवर्षांचं. एका फोटोत खिडकीतलं मांजर होतं, आणि कडेला, कापला गेलेला, कॉफीचा टंबलर धरलेला एक हात. हिरव्या बांगड्या.

निखिल हळू आवाजात म्हणाला, "अठ्ठावीस असती, तर आख्ख्या आल्या असत्या."

त्याला एक ठेवून द्यावी असं वाटलं. दिली नाही, कारण खरं होतं.

त्यांना मूलबाळ नव्हतं. कमलाक्कांचा फोन साधा, बटणांचा. लग्नातला एक फोटो मिळाला, त्यात त्या अगदी कोवळी पोर. पोस्टरवाला म्हणाला, हा लावला तर लोक समजतील कुणी मुलगी गेली. शेवटी आधार कार्डावरचा दिला. काळवंडलेला, डोळे दचकलेले. मोठा केल्यावर चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले.

आठवड्याने मी आणि निखिल गेलो, तेव्हा सेतुराव त्या पोस्टरखालीच उभे होते. एवढ्यात पालेभाजीवाली बाई आली. रोज दारावर यायची, पण मधले काही दिवस गावी गेली होती. तिने डोक्यावरची पाटी उतरवली आणि पोस्टरकडे बघितलं. वाचता येत नसावं. फोटो खालून वर निरखला.

"यारु सामी इदु?" तिने सेतुरावांना विचारलं. कोण हे?

सेतुरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पोस्टरच्या अगदी जवळ गेले. मग मागे सरकत सरकत रस्त्याच्या पलीकडच्या कडेला जाऊन उभे राहिले. तिथून बघितलं. एक स्कूटर हॉर्न वाजवत मधून गेली.

परत आले आणि तमिळमध्येच म्हणाले, "तेरियलै, अम्मा." ठाऊक नाही.

बाईने मान हलवली. पाटीतून शेवग्याच्या पाल्याची एक जुडी काढून त्यांच्यापुढे धरली.

"कमलाम्मांना सांगा, आज ताजा आहे."

"सांगतों," सेतुराव म्हणाले, आणि जुडी घेतली.