दोनशे शब्दांची मर्यादा

आता मी दोन पेपर घेते. एक माझा, एक बाईंचा. दोन्ही वाचते, दोन्हींवर निळ्या पेन्सिलीने खुणा करते आणि अकरा वाजले की घडी करून दाराजवळच्या स्टुलावर ठेवते. पुढे काही होत नाही. दुसऱ्या दिवशी ते रद्दीच्या गठ्ठ्यात जातात.

बाई म्हणजे समोरच्या फ्लॅटमधल्या. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. सोसायटीत सगळे त्यांना बाईच म्हणायचे, मीही. कोथरूडच्या या इमारतीत आम्ही तेवीस वर्षं समोरासमोर राहिलो. त्यांचे यजमान फार लवकर गेले, मुलगा हडपसरला राहतो. मी लग्न केलं नाही. का, ते विचारणारे सगळे आता वर गेले, त्यामुळे उत्तर तयार ठेवायची गरज उरलेली नाही.

मी नोकरी केली ती परवानग्यांच्या खात्यात. कोणत्या, ते सांगत नाही. सगळी सारखीच असतात. एक गृहस्थ स्वतःच्या अंगणात स्वतः लावलेल्या कडुनिंबाची एक फांदी तोडायची म्हणून परवानगी मागायला आले होते. अकरा खेपा घातल्या त्यांनी. बाराव्या खेपेला म्हणाले, "मॅडम, फांदी आपणहून पडली. आता अर्ज मागे घ्यायचा, तर त्यालाही अर्ज लागेल का?" लागायचा. मीच त्यांना नमुना दिला. माणसाने सरकारकडे कमीत कमी वेळा जावं आणि सरकारने माणसाकडे त्याहून कमी वेळा यावं, हे माझं मत त्या टेबलाशी बसून झालेलं आहे, पुस्तकं वाचून नाही.

बाईंचं मत नेमकं उलटं. जगाची हवा बिघडली आहे, माणूस आपणहून सुधारत नाही, तेव्हा नियम हवेत आणि कडक हवेत. बाल्कनीत त्यांनी तापमापक टांगला होता. रोज दुपारी दोन वाजता आकडा वहीत लिहायच्या. मी म्हणायची, "ऊन मलाही लागतं हो. उकाडा खोटा आहे असं कुठे म्हणतेय मी? पण उन्हाला नोटीस काढता येत नाही, म्हणून तुमचं सरकार रिक्षावाल्याला काढतं. एसी लावून बसलेल्याला काढत नाही, ज्याने ती नोटीस लिहिली." त्यावर त्या चष्मा वर करून बघायच्या. त्या बघण्यावरून त्यांच्या वर्गात किती शांतता असेल ते कळायचं.

दोघी निवृत्त झाल्यावर पेपरांची अदलाबदल सुरू झाली. माझ्या पेपरात देश बरा चाललेला असायचा, त्यांच्या पेपरात बुडत असायचा. एकाच मोर्चाला एकात अफाट गर्दी, दुसऱ्यात मूठभर माणसं. आम्ही फोटोतली डोकी मोजायचो. सकाळी आपापला पेपर वाचायचा, समासात शेरे मारायचे, मी निळ्या पेन्सिलीने, त्या लाल, आणि अकराला त्यांनी माझी बेल वाजवायची. मग माझा पेपर त्यांच्याकडे, त्यांचा माझ्याकडे. संध्याकाळी परत. त्या लेखांना गुण द्यायच्या, माझ्या शेऱ्यांनाही. "दहापैकी तीन. विधान आहे, पुरावा नाही." एखादा लेख लांबलचक असला की म्हणायच्या, "ठेवून जा, तपासून पाठवते." आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या आत तो हजर. चौदा वर्षं हे चाललं. माझ्या शेऱ्याला त्यांनी एकदाही दहापैकी सातच्या वर गुण दिले नाहीत, आणि त्या सातासाठी मी सकाळी सहाला उठत होते, हे आज कबूल करायला हरकत नाही.

इमारतीच्या मागे बाईंनी ओल्या कचऱ्याचा खड्डा केला होता. कोणी सांगितलं नव्हतं. सुरुवातीला वास येतो म्हणून भांडणं झाली, तेव्हा त्या काठी घेऊन स्वतः खड्डा ढवळायच्या आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून गांडुळं दाखवायच्या. हळूहळू लोक भाजीची सालं घेऊन यायला लागले, थांबून गप्पा मारायला लागले. मीही रोज जायची. "तत्त्वाला सोडून आलात?" असं त्या विचारायच्या. "तत्त्वाला धरूनच आलेय," मी म्हणायची, "तुमच्याकडे शिक्का नाही म्हणून." नऊ वर्षं तो खड्डा असा माणसांच्या बोलण्यावर चालला.

मग नियम आला. ओला कचरा सोसायटीनेच जिरवायचा, नाहीतर दंड. नोटीस आली, रजिस्टर आलं, तपासणीला माणूस यायला लागला. बाई खूश. त्यांना रजिस्टरवर देखरेख दिली होती. लोकांनी महिनाभर सह्या केल्या. मग "आता ते महापालिका बघेल" म्हणून सालं नेहमीच्या बादलीत टाकायला लागले. बाई घरोघर बेल वाजवत फिरायच्या आणि जी मंडळी नऊ वर्षं हसून दार उघडत होती, ती आता आतूनच "हो हो, करतो" म्हणायची. मला त्या नियमाचा इतका राग आला की मी वाचकांच्या पत्रव्यवहाराला पत्र लिहिलं. तेही मुद्दाम बाईंच्या पेपरला. आपल्याच लोकांना आपलंच सांगून काय उपयोग?

पत्रात एक वाक्य होतं: "वर्गात ज्यांचं कोणी ऐकलं नाही, त्यांच्या हाती सरकारने आता कचऱ्याच्या खड्ड्याशी पुन्हा छडी दिली आहे." रोज समासात आम्ही एकमेकींना याहून तिखट लिहीत होतो. आणि त्याच्याच पाठोपाठ एक परिच्छेद होता. माझ्या समोर राहणाऱ्या बाईंचं वर्गात आणि वर्गाबाहेर सगळ्यांनी ऐकलं. नियम नव्हता तेव्हा नऊ वर्षं त्यांच्या शब्दाखातर अख्ख्या इमारतीने हे काम केलं. जे माणसाच्या शब्दाने होत होतं ते शिक्क्याने बंद पडलं, याचं मला वाईट वाटतं. असा. पत्राचा सगळा जीव त्या परिच्छेदात होता.

चौकटीत सूचना होती, पत्र दोनशे शब्दांपेक्षा मोठं नसावं. माझे भरले दोनशे एकसष्ट. शेवटचा परिच्छेद बरोबर एकसष्ट शब्दांचा. तो काढला की पत्र बसत होतं. छडीचं वाक्य काढावं असं मनात आलं नाही असं नाही. पण ते एक काढून भागत नव्हतं, आणि शिवाय वाक्य चांगलं झालं होतं. शनिवार पेठेत वाढलेल्या माणसाला चांगलं झालेलं वाक्य खोडायला सांगणं म्हणजे पानात वाढलेलं श्रीखंड परत करायला सांगणं. मी निळ्या पेन्सिलीने परिच्छेदावर आडवी रेघ मारली आणि उरलेलं स्वच्छ अक्षरात लिहून पाठवलं.

पत्र छापून आलं. एक स्वल्पविरामसुद्धा बदललेला नव्हता.

त्या दिवशी अकराला बेल वाजली नाही. साडेबाराला मी गेले. बाईंनी दार उघडलं, पेपर हातातच होता. म्हणाल्या, "माझं वर्गात कोणी ऐकत नव्हतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं?" आवाज चढलेला नव्हता. खरंच माहिती हवी असल्यासारखा विचारला होता प्रश्न. आमच्या इमारतीत निवृत्त शिक्षिका एकच, आणि सकाळपासून तिघांनी त्यांना फोन करून पत्र वाचलं का म्हणून विचारलं होतं.

मी म्हणाले, "अहो, त्याच्याखाली तुमच्याबद्दल एक परिच्छेद होता. कापला त्यांनी. मी म्हणत नव्हते का, तुमचा पेपर त्यांना हवं तेवढंच छापतो?"

हे वाक्य सुचायला मला क्षणभरही लागला नाही. चौदा वर्षं मी ते म्हणतच होते. अनेकदा ते खरंही होतं. त्या दिवशी खोटं होतं, एवढाच फरक.

बाईंनी लगेच विश्वास ठेवला. मला आत घेतलं, लिंबाचं सरबत दिलं. आणि यजमानांच्या वेळेपासून घरात येत असलेला तो पेपर त्याच आठवड्यात बंद केला. संपादकांना पोस्टकार्ड टाकलं, की आपण माझ्या मैत्रिणीच्या पत्राची काटछाट करून एका मैत्रीत विष कालवायचा प्रयत्न केलात. पोस्टात टाकण्यापूर्वी मला वाचायला दिलं. मी एक वेलांटी सुधारली आणि परत दिलं.

त्यानंतर त्यांनी दुसरा पेपर लावला नाही. माझाच वाचायला न्यायच्या, संध्याकाळी आणून द्यायच्या. त्यावर लाल रंगाचा ठिपकाही नसायचा. मी मुद्दाम काहीतरी टोकाचं लिहून ठेवायची, की हे पर्यावरणाचं सगळं बाड समुद्रात बुडवा, निदान समुद्राची पातळी तरी वाढेल. बाई म्हणायच्या, "बरोबर आहे तुमचं. काही खरं नसतं यांचं." तापमापकाची वही बंद पडली. खड्ड्याकडे जाणंही बंद झालं. "बरोबर आहे तुमचं" हे चार वेळा ऐकलं आणि पाचव्या वेळी मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. ज्या बाईंनी मला सातच्या वर गुण दिले नाहीत, त्या आता न वाचताच पास करत होत्या.

तेव्हाच सांगायला हवं होतं. रोज ठरवायची आणि रोज राहून जायचं. मग त्या पडल्या, फार नाही, मनगट मुरगळलं. पण मुलगा म्हणाला, आता एकटं राहायचं नाही. आठवड्याभरात सामान हडपसरला गेलं. समोरच्या फ्लॅटमध्ये दोन नोकरदार मुली आल्या. चांगल्या आहेत. जिन्यात भेटल्या की कानातला इअरफोन काढून "हाय काकू" म्हणतात.

सहा महिने मी फोनवर नुसती तब्येत विचारत राहिले. मग एका सकाळी कपाटातून पत्राचा तो पहिला खर्डा काढला, पिशवीत घातला आणि हडपसरची बस धरली.

त्या संकुलाच्या फाटकाशी मला थांबवून ठेवलं. पहारेकरी म्हणाला, "मॅडम, वरून अ‍ॅप्रूव्हल आलं नाही." वीस मिनिटं प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. कडुनिंबवाले गृहस्थ आठवले. अशी खुर्चीही आम्ही त्यांना कधी दिली नव्हती.

बाई चौदाव्या मजल्यावर. घरात सगळे कामाला गेलेले. बाल्कनीला जाळी, खाली दुसऱ्या इमारतींच्या गच्च्या. मला बघून फार हरखल्या. "इथे पेपर येतच नाही," म्हणाल्या, "सगळं फोनवर. मी काही बघत नाही. तुमच्यामुळे त्या कटकटीतून सुटले." मग जरा थांबून म्हणाल्या, "दिवस फार मोठा असतो मात्र."

मी खर्डा काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला. सावकाश वाचलं, शेवटच्या परिच्छेदाशी आल्या, बोट ठेवून तो दोनदा वाचला. मग बोट रेघेवरून फिरवलं.

"ही रेघ निळी आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"शब्द किती होते?"

"दोनशे एकसष्ट."

"आणि छडीचं वाक्य का ठेवलंत?"

"चांगलं झालं होतं."

त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचलं. "झालंय खरं," म्हणाल्या. लिफ्टचा आवाज येत-जात होता. मग म्हणाल्या, "मी त्या संपादकांना कार्ड टाकलं होतं. तुम्ही त्यातली वेलांटी सुधारली होतीत."

मी म्हणाले, "बाई, मला माफ करा. तुम्ही गेल्यापासून मला कोणी नाही." हे असं सरळ मी आयुष्यात कोणाला म्हटलं नव्हतं. त्यांनी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. चहा केला. पाहुण्यांना देतात तसा ट्रेमधून आणला, बिस्किटं बशीत मांडून. आमच्या तेवीस वर्षांत ट्रे कधी आला नव्हता.

निघताना मी खर्ड्यासाठी हात पुढे केला. बाईंनी तो घडी करून स्वतःकडेच ठेवला.

"ठेवून जा," म्हणाल्या. "तपासून पाठवते."

बसमध्ये मला हे वाक्य इतकं बरं वाटलं की मी कोथरूडला उतरल्यावर पेपरवाल्याकडे गेले आणि बाईंचा पेपर उद्यापासून माझ्याकडे टाक म्हणून सांगितलं. माझी मतं काही बदललेली नाहीत. तो पेपर आजही मला एकांगी वाटतो, नियम आजही जाचक वाटतात, आणि मागच्या खड्ड्यात आता रजिस्टर भिजून पडलंय, ते मी सांगितलं तसंच झालं. फक्त हे कोणाला सांगून "पुरावा?" असं ऐकायला मिळत नाही.

त्याला आता पाच महिने झाले. फोन केला तर सूनबाई उचलतात, आई झोपल्यात म्हणतात, आणि झोपल्या असतीलही. रोज अकराला पेपर स्टुलावर ठेवून मी खाली जाते आणि पत्रपेटी उघडून बघते. विजेचं बिल असतं, कुठल्या तरी क्लासची जाहिरात असते.

बाई तपासायला इतका वेळ कधी लावत नसत.